भंगारवाला घेत नाही ते

भंगारवाला माल कसा निवडतो, हे कधी नीट उभं राहून पाहिलंय का? आमच्या गल्लीत येणारा गृहस्थ हातगाडी कडेला लावतो आणि पोतं सरळ फरशीवर पालथं करायला सांगतो. मग हातही चालू आणि तोंडही. डब्याला लोहचुंबक लावायचं. चिकटलं तर एकीकडे, नाही चिकटलं तर दुसरीकडे. बादलीची कडी उपसून काढायची, कारण कडी लोखंडाची आणि बादली प्लॅस्टिकची. वायरचा तुकडा असेल तर टोक सोलून आत तांबं आहे की ॲल्युमिनियम ते बघायचं. खोक्यावरची चिकटपट्टी ओरबाडून टाकायची. वजन होतं, घासाघीस होते, पैसे हातावर पडतात आणि शेवटी फरशीवर एक लहानसा ढीग उरतो. "हे राहू द्या ताई, ह्याचं काही येत नाही."

त्या ढिगावर माझा डोळा असतो.

गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, वेफर्सची आतून चंदेरी पाकिटं, पिळून पिळून संपवलेल्या टूथपेस्टच्या ट्यूबा, दुकानांच्या गुळगुळीत पावत्या, फुटक्या बांगड्या, तडा गेलेला आरसा, सोल निघालेली चप्पल, मखमल आणि सोनेरी पत्रा चिकटवलेल्या लग्नपत्रिका. सुताराकडे उरलेल्या प्लायच्या तुकड्यांवर मी ह्यातलं काहीबाही जोडत असते. रंगही लावते, पण बेताने. जाणकार ह्याला 'मिक्स्ड मीडिया' म्हणतात, आमच्या घरात 'हिचा पसारा' म्हणतात. मला दोन्ही नावं चालतात.

हा ढीग मागे का राहतो, ह्याचा विचार करताना मला माझ्याच कामाचं एक इंगित कळलं. माल नाकारण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: दोन वेगळ्या जिनसा एकमेकींना अशा बिलगलेल्या असतात की त्या सोडवत बसणं परवडत नाही. गोळ्यांची पट्टी घ्या. पुढचा फुगीर भाग प्लॅस्टिकचा, बहुधा पीव्हीसीचा; मागचा पापुद्रा ॲल्युमिनियमचा; दोन्ही उष्णतेने एकमेकांवर दाबून बसवलेले. नुसतं ॲल्युमिनियम असतं तर भंगारवाल्याने आनंदाने नेलं असतं. वेफर्सच्या पाकिटात तर प्लॅस्टिकच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमचा इतका पातळ लेप असतो की तो हाताने वेगळा करायचं नावच नको. एकेकट्या जिनसेला बाजारात किंमत आहे. लग्न लागलं की शून्य.

म्हणजे भंगाराचा सगळा धंदा वेगळं करण्यावर चालतो आणि माझं सगळं काम एकत्र करण्यावर. ज्या दोषामुळे वस्तू काट्यावर चढत नाही, तोच मी मुद्दाम तिच्यात घालते. कागदावर पत्रा, पत्र्यावर कापड, कापडावर मेण. भंगारवाल्याच्या नजरेने पाहिलं तर माझी सगळी चित्रं म्हणजे न सुटणारा माल.

आजीच्या घरात असला माल निघतच नसे. तिचं लुगडं मधे विरलं की फाडून, विरलेला भाग काढून, दुसऱ्या लुगड्याच्या धडक्या तुकड्याशी दंड घालून पुन्हा नेसायचं. तेही विरलं की त्याची बाळाची दुपटी व्हायची. उरलेलं गोधडीत जायचं. गोधडीतूनही जे वगळलं जायचं ते हातपुसणं, मग पायपुसणं, शेवटी पोतेरं. भरजरी असेल तर जरीचा काठ आधीच उसवून ठेवायचा, कारण जुनी जर विकत घेणारे यायचे. ते ती जाळून तिच्यातली चांदी काढत. बोहारीण दारात बसली की जुन्या कपड्यांच्या गाठोड्यावरून जी जुगलबंदी रंगायची, तिच्यापुढे भल्या भल्या वकिलांनी हात टेकावेत. एका पातेल्यासाठी आणखी एक शर्ट, आणि झाकणासाठी आणखी एक परकर.

वर्तमानपत्रांची रद्दी वाण्याकडे पुड्यांसाठी जायची, तरी थोडी ती मागे ठेवायची, टोपल्यांसाठी. कागदाचे बारीक तुकडे करून भिजत घालायचे, ते पार गळून गेले की पिळून घ्यायचे, त्यात भिजवलेली मेथी घालायची आणि पाट्यावर वरवंट्याने एकजीव वाटायचं. मेथीने लगद्याला चिकटपणा येतो आणि तिच्या कडवटपणामुळे कीड धरत नाही, असं ती सांगायची. डबा किंवा पाटी पालथी घालून, तिला ओलं फडकं गुंडाळून त्यावर हा लगदा सगळीकडे सारखा थापायचा, हाताला पाणी लावून गुळगुळीत करायचा आणि उन्हात ठेवायचं. वाळला की साचा आतून अलगद सुटायचा. हातात घेतलं तर वजन काहीच नाही, पण लसूण, मिरच्या, सांडगे भरून ठेवले तरी टोपली वर्षानुवर्षं हलत नसे. रंग दिलेला नसेल तर जवळून पाहिल्यावर त्या करड्या अंगात मधूनच एखादं अक्षर दिसायचं. नीट न वाटलं गेलेलं. मला ती अक्षरं शोधायचा नाद होता. माझ्या चित्रांचं मूळ कुठे, असं कुणी विचारलं तर मी ह्या टोपल्यांकडे बोट दाखवते.

हे वाचून कुणाला 'किती सुंदर होतं ते जग' असं वाटू लागलं असेल तर जरा थांबा. ती टंचाई होती. ती निभावून नेण्याचं काम बायकांनी केलं, दुपारच्या झोपा मोडून, अंधुक उजेडात सुईत दोरा ओवत. आजीला नवी चादर परवडती तर तिने गोधडी शिवली असती का, ह्याबद्दल मला दाट शंका आहे. आता त्याच गोधड्या शहरातल्या दुकानांतून भलत्याच किमतीला लागतात, आणि शिवणारीला त्यातले किती मिळतात ते विचारायची सोय नसते.

शाळेत आम्हाला कार्यानुभवाचा तास असे आणि त्यात 'टाकाऊपासून टिकाऊ'. हे प्रकरण अजून जिवंत आहे, नाव फक्त इंग्रजी झालंय. प्रकल्पाची तारीख जवळ आली की स्टेशनरीच्या दुकानात पालकांची झुंबड उडते: आइस्क्रीमच्या कोऱ्या काड्यांचं पाकीट द्या, रंगीत कापूस द्या, ग्लू गनच्या कांड्या द्या. ज्या काडीला आइस्क्रीम कधी लागलंच नाही ती टाकाऊ कशी, हे कुणी विचारत नाही. बाटलीसाठी बाटली विकत आणायची, त्यातलं सरबत बेसिनमध्ये ओतायचं, मग बाटलीला पांढरा रंग देऊन वर मातीची गुलाबं. बाटली होती हे कुणाला कळू नये इतकी ती झाकली की काम सुबक झालं म्हणायचं. माझं म्हणणं एवढंच, की बाटलीपण पुसूनच टाकायचं असेल तर सरळ फुलदाणी आणावी. स्वस्त पडेल.

त्या मानाने दिवाळीचा किल्ला कितीतरी खरा. त्याला कुणी कलाकृती म्हणत नाही म्हणूनच असेल. विटांचे तुकडे, फुटक्या फरशा, कुणाच्या तरी बांधकामावरून न विचारता आणलेली माती. गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर पसरलं की डोंगराला जी घडी पडते, ती कुठल्या शिल्पकाराला ठरवून पाडता येणार नाही. तळ्याच्या जागी आरशाचा तुकडा, कारंज्याला सलाइनची नळी, तटबंदीला काडेपेट्या, उतारावर अळीव. इथे आरसा आरसाच राहतो आणि तळंही होतो. दिवाळी संपली की दगड कोपऱ्यात, गोणपाट धुऊन माळ्यावर, माती कुंड्यांत. पुढच्या वर्षी तेच सामान, किल्ला वेगळा.

हाताशी आलेली वस्तू थेट चित्रात चिकटवायचं हे दार युरोपातल्या चित्रकारांनी उघडलं ते १९१२ साली, असं कलेच्या इतिहासात शिकवतात. पिकासोने एका लंबगोल चित्रात वेताच्या खुर्चीची वीण दाखवायला मेणकापडाचा तुकडा चिकटवला आणि भोवती चौकट म्हणून सरळ दोरखंड लावला. ह्यातली गंमत अशी, की ती वीण खरी नाहीच. वेताच्या विणीचं चित्र छापलेलं ते स्वस्त मेणकापड होतं. आपल्या जेवणाच्या टेबलावर असतं ना, संगमरवराची नक्कल केलेलं, त्याचंच भावंड. त्याच वर्षी त्याचा सोबती चित्रकार ब्राक ह्याने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद कापून चित्रात डकवला. दोघांनीही हाताशी आलेली खोटी वस्तू चित्रात खरी करून टाकली.

पण माझं मन बसलंय ते जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या कुर्ट श्विटर्सवर. पहिल्या महायुद्धानंतर सगळंच मोडून पडलेलं असताना नवं घडवायचं ते ह्या तुकड्यांतूनच, अशा हट्टाने १९१९ पासून त्याने ट्रामची तिकिटं, पाकिटं, चिंध्या, जाळ्या, लाकडाचे तुकडे चित्रांत आणले. घराच्या खोल्यांतही तो असंच काही वर्षानुवर्षं रचत गेला, खांब, कोनाडे, गुहा, त्यांत मित्रांच्या वस्तू. ते सगळं १९४३ मध्ये बॉम्बवर्षावात गेलं. तोवर तो नाझींपासून पळून आधी नॉर्वेला आणि मग ब्रिटनमध्ये पोहोचला होता. ब्रिटिशांनी शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला आयल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत ठेवलं, तर तिथे ह्या गृहस्थाने उरलेल्या लापशीची शिल्पं केली. त्यांना बुरशी आली आणि वास सुटला, अशा आठवणी बरोबरच्या कैद्यांनी सांगून ठेवल्यात. मला ह्या माणसाशी एकदा चहा प्यायला आवडलं असतं. लापशीवर मात्र नाही.

श्विटर्सची तिकिटं पाहिली की मला एसटीच्या कंडक्टरची पेटी आठवते. वेगवेगळ्या रकमांच्या, वेगवेगळ्या रंगांच्या तिकिटांच्या गड्ड्या, हातातल्या पंचची टकटक आणि तिकिटाला पडलेलं भोक. रंगांच्या त्या पट्ट्या नुसत्या शेजारी शेजारी ठेवल्या तरी चित्र व्हायचं. आता यंत्रातून पावती येते. तो कागद उष्णतेने काळा होणारा. त्यात शाई नसतेच. उन्हात राहिला, डायरीत पडून राहिला की अक्षरं उडून जातात आणि हातात गुळगुळीत कोरी पट्टी उरते. कुणी म्हणेल ह्यात चित्र कसलं. पण चमचा गॅसवर किंचित तापवून त्याची कड ह्या कागदावर टेकवली की काळीभोर रेघ उठते. थोडा कमी तापवला तर राखाडी. किराणा मालाच्या फिकट झालेल्या यादीवर मी अशी रेघांची झाडं काढली आहेत. चार-पाच वर्षांत तीही फिकी होतील. होऊ देत.

मी एका छोट्या छापखान्यात हिशेब लिहिते. पुण्यात नारायण पेठेच्या आसपास असे छापखाने अजून तग धरून आहेत. तिथे एक चीज मिळते, जी मला कुठल्याही परदेशी संग्रहालयापेक्षा थोर वाटते. नवं काम मशीनवर चढलं की रंग जुळेपर्यंत, चारही रंगांचे ठसे एकमेकांवर बरोबर बसेपर्यंत बरेच कागद वाया जातात. कोरा कागद कोण घालवणार? म्हणून मशीनमन आधी वाया गेलेलेच कागद पुन्हा घालतो. पुढच्या कामाला पुन्हा तेच. असा एकेक कागद चार-पाच कामांची छपाई अंगावर घेऊन बाहेर पडतो. माझ्याकडे एक आहे. त्यावर क्लासच्या जाहिरातीतली गुणवंत मुलं ओळीने उभी आहेत, प्रत्येकाच्या छातीवर टक्केवारी. त्या टक्केवारीवरून कांद्याच्या बियाण्याचं पाकीट आडवं गेलंय. बियाण्याच्या जांभळ्या कांद्यात लग्नपत्रिकेतला गणपती बसलाय, थोडा तिरका, आणि सगळ्यावरून फिक्या निळ्यात कुठल्याशा पतसंस्थेचा ताळेबंद. एका मुलाच्या कपाळावर 'येणे व्याज' असं बरोबर मधोमध आलंय. हे ठरवून करायला गेलं तर विनोद होईल. इथे ते आपोआप झालंय, म्हणून मी तासन् तास बघत बसते.

ह्या कागदांना मात्र रद्दीचा भाव आहे, तेव्हा ते फुकट उचलायचे नाहीत असा माझा नेम. मालक हसतात, पण मी वजन करून पैसे देते.

चिकटवण्याचं शास्त्र मी तिथल्या बाइंडरकडून शिकले. मैद्याची खळ करताना तो त्यात चिमूटभर मोरचूद टाकतो, म्हणजे खळ नासत नाही आणि कसर लागत नाही. मोरचूद विषारी, म्हणून ते भांडं वेगळं. फेविकॉल कागद, कापड, लाकूड सगळ्यांत मुरतो, पण प्लॅस्टिकवर आणि पत्र्यावर त्याला मुरायला जागाच नसते. सुकला की सालीसारखा निघून येतो. पुठ्ठ्याच्या एका बाजूला कागद डकवला की पुठ्ठा हमखास त्या बाजूला वाकतो, कारण खळीने भिजून फुगलेला कागद सुकताना आकसतो आणि पुठ्ठ्याला ओढतो. त्यावर इलाज म्हणजे मागच्या बाजूलाही तसलाच कागद डकवायचा. दोघं एकमेकांना ओढत राहतात आणि पुठ्ठा सरळ राहतो. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो त्याला मात्र इलाज नाही. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन त्यात राहिलेलं असतं, हवा आणि उजेड लागला की ते रंग बदलतं. पिकासो-ब्राकच्या चित्रांतले वर्तमानपत्रांचे तुकडेही आज तपकिरी पडलेत. तेव्हा टिकाऊ वगैरे जाऊ द्या.

चंदीगडला रॉक गार्डन पाहिलं तेव्हा मी बराच वेळ बांगड्यांनी मढवलेल्या बायकांच्या पुतळ्यांपाशी थांबले होते. ही बाग उभी करणारे नेकचंद सैनी हे फाळणीत शकरगडकडून इकडे आलेले, सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक. कॉर्बुझिए ह्या वास्तुकाराने आखलेलं नवं शहर उभं करण्यासाठी जुनी गावं पाडली गेली होती. त्यांचा राडारोडा, आणि नदीकाठचे दगड, नेकचंद सायकलवरून सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात नेत. १९५७ च्या सुमारास सुरुवात केली, पुढची जवळजवळ अठरा वर्षं कुणाला पत्ता नाही. सरकारी जमिनीवरचं हे बिनपरवाना राज्य १९७० च्या दशकाच्या मध्यात उघडकीला आलं, तेव्हा नियमाप्रमाणे ते पाडायला हवं होतं. उलट १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं आणि नेकचंदांना त्याच कामावर पगारी नेमून हाताखाली मजूर दिले. १९८४ मध्ये पद्मश्री. आपल्या सरकारी व्यवस्थेकडून एवढं शहाणपण क्वचित घडतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

त्या बायका सिमेंटच्या आहेत आणि अंगभर फुटक्या काचेच्या बांगड्या. हिरव्या, लाल, निळ्या, कडेने कडा लावून बसवलेल्या. प्रत्येक तुकडा मूळच्या गोलाईचा थोडासा वाक राखून आहे. कुणाच्या तरी मनगटावर फुटलेला काकण इथे पदराची चुणी झालाय. मात्र सिमेंटमध्ये गेलेलं पुन्हा सुटत नाही. ते आता कायमचं तिथलं.

घानात जन्मलेल्या आणि नायजेरियात न्सुका इथे आयुष्य काढलेल्या शिल्पकार एल अनात्सुई ह्यांनी ह्याच्या नेमकं उलट केलं. १९९८ मध्ये त्यांना झुडपांत फेकलेली दारूच्या बाटल्यांच्या टोपणांची पिशवी मिळाली. टोपणं ॲल्युमिनियमची. ती चेपून, पिळून, दुमडून, भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकमेकांत ओवायची. मदतनिसांचे कितीतरी हात महिनोन्महिने हेच करतात. त्यातून भिंतभर सोनेरी-लाल वस्त्र तयार होतं, जे घडी घालून पेटीतून नेता येतं आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या चुण्या पाडून टांगता येतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर युरोपी व्यापाऱ्यांनी दारू आणली आणि तिच्या बदल्यात काय काय नेलं, हा इतिहास त्या टोपणांना चिकटलेलाच आहे. वेगळं भाष्य करावं लागत नाही. २०१५ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात त्यांचा जीवनगौरव झाला. मला भावतं ते वेगळंच: त्यात डिंक नाही. तारेचा पीळ उलटा फिरवला की टोपण मोकळं.

हे ध्यानात आल्यापासून मी चिकटवणं कमी केलं आणि शिवायला लागले. गोधडीचा धावदोरा. गोधडी उसवता येते. आजी दर काही वर्षांनी वरचं विरलेलं पातळ उसवून नवं घालायची, आतलं तेच. माझ्या चित्रालाही तेवढी मुभा असावी, एवढीच इच्छा. माझ्यानंतर मुलांनी ते भंगारात द्यायचं ठरवलं तर त्यांना वेगळं तरी करता यावं.

कारण एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. पुण्याचा कचरा माझ्या चित्रांनी तसूभर कमी होत नाही. तो कमी होतो तो कचरावेचकांमुळे. त्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' पुण्यात १९९३ पासून आहे, पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि घरोघरचा कचरा त्या गोळा करू लागल्या. चित्रकार विवान सुंदरम ह्यांनी दिल्लीत स्टुडिओच्या जमिनीवर कचऱ्याचं अख्खं शहर मांडून त्याचे भव्य फोटो काढले, २००८ मध्ये ते 'ट्रॅश' ह्या नावाने लोकांसमोर आले. त्या कामात कचरावेचकांचा हात होता, आणि ते त्यांनी लपवलं नाही. हा मुद्दा मला मोठा वाटतो. विकला जाणारा माल कलेच्या नावाने उचलून नेणं म्हणजे कुणाच्या तरी ताटातला घास काढणं.

आमच्या सोसायटीत येणाऱ्या मावशींना मी एकदा भिंतीवरचं चित्र दाखवलं. त्यांनी जवळ येऊन, मान तिरकी करून पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी कौतुकाचं बोलतील. त्यांचं बोट बरोबर एका जागी गेलं.

"ही तार तांब्याची आहे का?"

"हो."

"मग ही का घातली, ताई? तांब्याला भाव आहे. सुतळी घालायची."

चित्रकलेवरची टीका मी बरीच वाचली आहे. इतकी नेमकी कमीच. तार काढली, मावशींना दिली, सुतळी घातली. चित्र सुधारलंसुद्धा, कारण तांब्याची चकाकी तिथे उगीचच लक्ष वेधून घेत होती.

सध्या हातात आहे ते काम गोळ्यांच्या पट्ट्यांचं. सासूबाईंच्या. रक्तदाबाची, साखरेची, रक्त पातळ करणारी, आणि कॅल्शियमची, जी त्या मनापासून घेत नाहीत. गोळी घेतली की नाही ह्याचा गोंधळ होतो म्हणून पट्टीच्या मागे, चंदेरी बाजूला, त्या बॉलपेनने वार लिहितात: सो, मं, बु. गुरुवारचा 'गु' नेहमी मोठा, का ते त्यांनाच ठाऊक. गोळी काढायला अंगठ्याने दाबणं त्यांना जमत नाही, म्हणून त्या केसांतला आकडा वापरतात. त्यामुळे पत्र्यावर गोल फाटका तोंडवळा नसतो, बारीक चीर असते, कधी सरळ, कधी उलट्या स्वल्पविरामासारखी. हात जास्त थरथरत होते ते दिवस चिरांवरून ओळखू येतात. मी पट्टीच्या दोन खळग्यांमधल्या सपाट जागेत दाभणाने भोक पाडते आणि जाड दोऱ्याने त्यांच्याच जुन्या सुती पातळावर ती टाचते. बाहेरच्या कडेपासून आत आत येत, गोधडीसारखं. फुगीर बाजू खाली, लिहिलेली बाजू वर. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की सगळं कापड चकाकतं आणि वार वाचता येत नाहीत. ऊन सरलं की पुन्हा वाचता येतात.

मी पट्ट्या रंगांनुसार लावल्या होत्या. काही पट्ट्या आतून लालसर, काही नुसत्या चंदेरी, एक हिरवट. कडेला गडद, मध्ये फिकं, असा बेत. सासूबाई चष्मा लावून आल्या आणि कडेकडेने वाचायला लागल्या. चित्र वाचायचं असतं असं मला वाटलंच नव्हतं.

"अगं, हे उलटंसुलटं झालंय. शुक्रवारनंतर सोमवार कसा आला?"

"आई, ते रंगांप्रमाणे लावलंय."

"रंगांचं काय घेऊन बसलीस. दवाखान्यातून घरी आल्यावरची पट्टी कुठंय? त्यावर मी दोनदा मंगळवार लिहिला होता, चुकून. ती आधी यायला हवी. मग साखरेची गोळी बदलली. मग ती अर्धी अर्धी तोडून घ्यायची होती ती."

पुढचे काही दिवस आम्ही दोघी जेवणं झाल्यावर उसवत बसलो होतो. त्या सांगायच्या, मी टाचायची. रंगांचा बेत पार मोडला. लालसर पट्ट्या मधेच कुठेतरी आल्या, कडेला सगळं फिकं गेलं. कॅल्शियमच्या पट्ट्या त्यांनी शिताफीने एका कोपऱ्यात सारल्या, कारण त्यांवरचे खळगे निम्मे अजून भरलेले होते. मग शेवटची रांग त्यांनी बोटाने तपासली आणि त्या हिरवट पट्टीवर थांबल्या.

"ही माझी नाही. ही तुझ्या नवऱ्याची, खोकल्याची. काढ ती."